वाटीपुरता झरोका

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला मी जी जाळी बसवली, ती कमालीची यशस्वी ठरली. तिच्यातून डास आत आले नाहीत, माशा आल्या नाहीत, अक्कांची वाटी आली नाही आणि येळवसचे आमंत्रणही आले नाही.

पहिल्या दोन गोष्टींसाठीच जाळी बसवली होती. उरलेल्या दोन मी विचारात घेतल्या नव्हत्या. (जन्मभर शाळेत भूमिती शिकवली. आधी पक्ष लिहा, मग साध्य, मग सिद्धता, असे मुलांना बजावून बजावून घसा बसला. स्वतःच्या खिडकीपाशी मात्र पक्ष न लिहिताच मी थेट सिद्धतेला हात घातला!)

विषय नीट समजण्यासाठी प्रथम जागेची रचना समजून घेणे आवश्यक आहे. नळदुर्गात आमचे घर आणि अक्कांचे घर एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. मध्ये एक बोळ आहे. तो इतका अरुंद, की त्यातून माणूस जात असेल तर शेळीला थांबावे लागते आणि शेळी जात असेल तर माणसाला. आमचे दार एका गल्लीत उघडते, अक्कांचे दुसऱ्या गल्लीत. दारातून दारात जायचे तर पाराला वळसा घालून जावे लागते. पण दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर आहेत आणि एकीने हात लांबवला, की तो दुसरीच्या खिडकीला पोहोचतो. आमच्या खिडकीला उभे गज आहेत. त्यांपैकी एक गज बसवायला गवंडी विसरला. मी त्यास बांधकामातील दोष समजत असे. शालन, म्हणजे माझी पत्नी, त्यास घरातील एकमेव सोय समजत असे.

त्या राहिलेल्या गजाच्या फटीतून काय जात-येत नसे? आमच्याकडून बुद्धपौर्णिमेची खीर जाई, अक्कांकडून पंचमीचे लाडू येत. विरजण, कढीपत्ता, चटणी आणि गल्लीतल्या बातम्या तर बारमाही. या व्यवहाराचा एक अलिखित नियम होता: वाटी कधी रिकामी परत जात नाही. काहीच नसेल तर गुळाचा खडा. पण वाटीच्या तळाशी काहीतरी हवे. हा नियम मी वर्षानुवर्षे डोळ्यांनी पाहत होतो. पण परीक्षेला येणार नाही असे वाटल्यामुळे मी तो कधी पाठ केला नाही.

आता येळवस. (पंचांगातले नाव वेळ अमावास्या. पण त्या नावाने कुणी बोलावले, तर आमच्या जिल्ह्यात जेवायला कुणी जाणार नाही.) मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला गावे ओस पडतात. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात जातो आणि ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो. खोपटासारखी कडब्याची कोप उभारून तिच्यात पूजा होते आणि मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर यांची पंगत बसते ती ऊन कलेपर्यंत उठत नाही. आम्हाला शेत नाही. अक्कांना आहे. दर वर्षी येळवस जवळ आली, की अक्का खिडकीतून एवढेच म्हणत, "शालन, खीर करून आण गं." हेच आमचे आमंत्रण. त्या दिवशी जो माणूस गावात दिसतो, त्याच्याविषयी लोक दोनच अनुमाने काढतात: एक तर तो आजारी आहे, नाही तर त्याला कुणी विचारत नाही. माझी प्रकृती उत्तम आहे.

जाळीचे निमित्त झाले आमच्या नातीचे. दिवाळीला मुलगी तिला घेऊन पुण्याहून आली आणि पहिल्याच सकाळी पोरीच्या गालांवर डासांनी बारीक रांगोळी काढली. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही चहातली साखरसुद्धा चमचा सपाट करून घालता. मग खिडकीला एक जाळी का नाही?" टीका रास्त होती. त्या जातात न जातात तोच शालनही अणदूरला तिच्या बहिणीकडे मुक्कामाला गेली. ही संधी मी साधली.

दुकानदाराने प्रथम चिकटपट्टीची जाळी दाखवली. हवी तेव्हा फर्रकन उघडायची, हवी तेव्हा चिकटवायची. मी तिला बेशिस्त म्हणून नाकारले. जी जाळी कुणीही उघडू शकतो, ती जाळी नव्हे, तो पडदा! मी बारीक तारेची, ताठ जाळी निवडली. गजांच्या आतल्या बाजूने ती ताणून बसवली, चारही कडांवर लाकडी पट्ट्या ठोकल्या, आणि दोन खिळ्यांतले अंतर सगळीकडे समान ठेवले. काम पूर्ण झाल्यावर मी खुर्ची घेऊन खिडकीसमोर बसलो आणि बराच वेळ नुसता पाहत राहिलो. बाहेर एक डास जाळीवर आपटून परत गेला. मला फार समाधान वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांचा हात नेहमीप्रमाणे बोळ ओलांडून आला आणि जाळीपाशी थबकला. हातात वाटी होती. शेंगोळ्यांचा वास जाळीतून व्यवस्थित आत येत होता.

"गुरुजी, काय बसवलाव हे?"

अक्का म्हणजे आमच्या शेजारीणबाई. माहेर सीमेपलीकडचे, कर्नाटकातले, सासर नळदुर्गाचे, वयाने आमच्याहून वडील. त्यांनी प्रश्न विचारला होता आणि प्रश्नाला अर्धवट उत्तर देणे माझ्या स्वभावात नाही. जाळीची छिद्रे केवढी, डास केवढा, वारा तिच्यातून कसा वाहतो आणि डास का वाहत नाही, हे मी त्यांना क्रमाने समजावून सांगितले. शेवटी, मुलांच्या ध्यानात राहावे म्हणून मी नेहमी सारांश सांगत असे, तसा सारांशही सांगितला.

"थोडक्यात काय अक्का, उजेड येतो, वारा येतो. नको असलेलं काहीही आता आत यायचं नाही."

(या वेळी माझे लक्ष किंचित वाकड्या बसलेल्या एका खिळ्याकडे होते, वाटीकडे नव्हते, हे नमूद केले पाहिजे.)

अक्कांनी जाळीकडे पाहिले, मग हातातल्या वाटीकडे पाहिले. "बरं," एवढेच म्हणाल्या. हात मागे गेला आणि त्यांच्या खिडकीची झडप लागली. थंडीचे दिवस असल्यामुळे त्यांनी ती लावली असावी, असा मी निष्कर्ष काढला.

इथवर जे झाले, ते कदाचित निस्तरता आले असते. पण मांडणीवर मला अक्कांची एक वाटी दिसली. माहेरची, जाड पितळेची, कल्हई केलेली. शालन अणदूरला जाण्याआधी कधीतरी कशाने तरी भरून आलेली. दुसऱ्याची वस्तू घरात पडून राहणे मला आवडत नाही. मी ती चिंच लावून घासली, धुतली, कोरडी केली, आणि खिडकी आता उपलब्ध नसल्यामुळे पाराला वळसा घालून अक्कांच्या दारी गेलो. ओट्यावर आप्पा, म्हणजे अक्कांचे यजमान, दाव्याला पीळ घालत बसले होते. मी वाटी त्यांच्या हाती दिली. त्यांनी तिच्यात डोकावून पाहिले. मग उलटी करून पाहिले.

"मोकळीच?"

"स्वच्छ धुतली आहे," मी म्हणालो. "चिंच लावून."

"दारानं आलाव?"

"खिडकी आता बंद झाली ना."

आप्पा मितभाषी आहेत. ते वाटी घेऊन आत गेले आणि परत बाहेर आलेच नाहीत. मी थोडा वेळ ओट्यापाशी उभा राहिलो आणि कर्तव्यपूर्तीचा आनंद घेऊन घरी परतलो.

शालन अणदूरहून आली तेव्हा मी तिला आधी खिडकीपाशीच नेले. ती जाळीकडे बघत राहिली. मी प्रशंसेची वाट पाहू लागलो.

"अक्कांची वाटी कुठंय?"

"परत केली."

"काय घालून?"

"काय घालून म्हणजे?"

शालन पिशवी मांडीवर घेऊन तशीच खुर्चीत बसली. मग तिने एकेक करून सगळे काढून घेतले: वाटी कुठल्या मार्गाने नेली, कुणाच्या हाती दिली, आणि अक्कांशी काय बोलणे झाले. अचूकपणा राहावा म्हणून मी माझे वाक्य शब्दशः पुन्हा म्हणून दाखवले. एकदा म्हटल्यावर तिला विश्वास बसेना, म्हणून पुन्हा म्हटले. त्यानंतर स्वयंपाकघरात जी शांतता पसरली, तशी शांतता माझ्या वर्गात मला कधीही राखता आली नव्हती.

मग तिने मला समजावून सांगितले. नवरा-बायकोचे फाटले तरी या गावात वाटी मोकळी परत करत नाहीत. आणि खिडकीची वाटी दारातून नेऊन देणे म्हणजे, तुमचे-आमचे आता काही राहिले नाही, हे चार लोकांदेखत सांगून येणे. मी दोन्ही गोष्टी एकाच फेरीत उरकल्या होत्या, आणि त्याही चिंच लावून.

"हा नियम लिहिला आहे कुठे?" मी विचारले.

"लिहिला असता तर तुम्ही वाचला असता," शालन म्हणाली. "म्हणूनच लिहिला न्हाय कुणी. ज्याला कळतं त्याला कळतं."

संध्याकाळी ती स्वतः अक्कांकडे जाऊन आली. परतली ती डोळ्यांत पाणी घेऊनच. भांडण झाले का, असे मी विचारले. भांडण झाले असते तर बरे, असे तिचे म्हणणे पडले. अक्कांनी तिला खुर्ची दिली होती. एरवी ही चुलीपुढे फतकल मारून बसायची आणि शेंगा निवडता निवडता बोलायची. आज फुलाफुलांच्या कपबशीतून चहा आला, बशीत पाहुण्यांची बिस्किटे आली, आणि निघताना अक्का म्हणाल्या, "येत जा, शालनताई."

"ताई म्हणाल्या हो मला," शालन म्हणाली. "अक्का. मला. ताई."

पुढचे दिवस कठीण गेले. बाजारात भज्जीसाठी तुरीच्या शेंगा, वाटाणा, हरभऱ्याचे घाटे यांचे ढीग लागले आणि जो भेटेल तो एकच विचारू लागला, यंदा कुणाच्या शेतात? शालन "बघू" म्हणून पुढे सरके. मला विचारले असता मी हवामानाविषयी बोलू लागे. किराणा दुकानदाराने तर, खिरीचा गहू न्यायला अजून आला नाहीत, तब्येत बरी आहे ना, असे काळजीने विचारले. अनुमाने सुरू झाली होती! समोरची झडप दिवसभर बंद असायची आणि तिच्याआडून आंबिलीसाठी ज्वारीचे पीठ आंबत घातल्याचा वास मात्र येत राहायचा. जाळीतून वास येतो, हे मी अक्कांना सांगितले नव्हते. सारांशात ते राहून गेले होते.

शेवटी मीच तोडगा सुचवला. जाळी काढणे योग्य नव्हते, कारण नातीचे गाल होते. जाळी तशीच ठेवणे शक्य नव्हते, कारण अक्का होत्या. तेव्हा जाळीला, राहिलेल्या गजाच्या जागी, वाटीपुरता एक झरोका करावा. शालन म्हणाली, काय करायचे ते करा, पण येळवसच्या आत करा.

मी आलेख-कागद घेतला. आमच्याकडची त्याच मापाची वाटी घेऊन तिच्या काठाचा व्यास मोजला, उंची मोजली, आणि त्यावर अगदी केसभर सूट ठेवली. शालन वरून पाहत होती. तिला झरोका लहान वाटत होता. मी तिला समजावले, की गरजेपेक्षा मोठे भोक हे भोक नसून निष्काळजीपणा असतो. प्रत्येक जादा बोट म्हणजे डासांना दिलेले आमंत्रण.

"पण वाटी काय आपल्या पायांनी चालत जाणार हाय का?" ती म्हणाली.

हा प्रश्न मी अलंकारिक समजलो आणि कामाला लागलो.

जाळी कापली. कापलेल्या तारांची टोके लाकडी चौकटीत दाबली (बहुतेक सगळी). वर चामड्याच्या पट्टीने एक फळकुट टांगले. ते आपल्या वजनाने आपोआप खाली पडून झरोका बंद करी. मग वाटी एका बोटाने ढकलून पाहिली. ती फळकुट उचलत, कुठेही न अडता बाहेर गेली आणि खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन उभी राहिली. फळकुट मागे टक्कन पडले. "इति सिद्धम्," मी मोठ्याने म्हणालो. कुणीतरी म्हणायला हवे होते.

शालनने त्याच दुपारी गव्हाची खीर केली. भिजवून कांडलेला गहू, गूळ, खसखस, खोबऱ्याचे काप, वर जायफळ. मग तिने निर्णय दिला: ज्याने मोकळी वाटी दारातून नेली, त्यानेच भरली वाटी खिडकीतून द्यायची. वाटी तिने काठोकाठ भरली. जरा कमी भरू या का, असे मी विचारले; तर म्हणाली, आता कमी भरायची आपली ऐपत राहिली न्हाय.

भरलेली वाटी मी एका बोटाने हळूच बाहेर ढकलली. त्यापाठोपाठ हात बाहेर काढला. मोकळा, बोटे मिटलेला हात झरोक्यातून सहज गेला. मनगट गेले, बाही गेली. कट्ट्यावरची वाटी तळहातावर घेतली, हात लांबवला, वाटी अक्कांच्या झडपेपर्यंत नेली आणि हाक मारली, "अक्का!"

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो थांबला. मी पुन्हा, जरा वर्गातल्या आवाजात, हाक मारली. थापण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा मोठा.

उत्तर स्पष्ट होते. मी सन्मानपूर्वक माघार घ्यायचे ठरवले, आणि तेव्हा माझ्या आराखड्यातली एक उणीव माझ्या ध्यानात आली. झरोक्यातून वाटी जात होती. झरोक्यातून हात जात होता. वाटी धरलेला हात जात नव्हता! तो मी मोजलाच नव्हता. बरे, वाटी पुन्हा कट्ट्यावर ठेवावी, तर कट्ट्याचा आतला सपाट भाग माझ्या हातानेच अडवला होता आणि बाहेरच्या कडेला पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी उतार होता. (गज विसरणाऱ्या त्याच गवंड्याला उतार मात्र आठवला होता.) ठेवण्याचा प्रयत्न केला, तर वाटी बोळाकडे सरकू लागली आणि ती सावरण्यासाठी मी हात झटकन पुढे केला, त्यासरशी चौकटीतून सुटलेल्या तारांच्या टोकांत माझ्या बाहीचे बटण अडकले. वर फळकुट आपल्या वजनाने दंडावर बसले होतेच. ती व्यवस्था नीट काम करत होती.

"काय झालं?" शालनने मागून विचारले.

"काही नाही," मी म्हणालो. "वाट पाहतोय."

आता बोळात एक भिंत, भिंतीतून आलेला एक हात आणि हातात खिरीची वाटी, असे दृश्य होते. पलीकडच्या तोंडाने दोघेजण सायकल घेऊन गेले. ते थांबले, त्यांनी पाहिले, आणि काहीही न बोलता निघून गेले. माझा चेहरा जाळीआड असल्याचा मला प्रथमच उपयोग झाला.

त्यानंतर शेळी आली.

ती अक्कांची शेळी, चंद्री. गूळ तिला दुरून कळतो. ती हाताखाली येऊन उभी राहिली, तिने वर पाहिले, आणि मग पुढचे दोन पाय भिंतीवर ठेवून ती शांतपणे उंच होऊ लागली. शेळीला हाकलायचा शब्द त्या क्षणी मला आठवेना. जन्मभर जे शब्द वापरले तेच तोंडात आले.

"ए! खाली बस! बस म्हणतो ना!"

चंद्री खाली बसली नाही. पण समोरची झडप उघडली.

"कोण हाय रं माझ्या शेळीला वरडणारं?"

(आमच्या दोन हाकांना न उघडलेली खिडकी शेळीच्या अपमानासाठी उघडली, याची मी मनात नोंद केली; पण तक्रार करण्याच्या स्थितीत मी नव्हतो.) अक्कांनी शेळीला एक शब्द टाकला, ती निमूट पाय खाली घेऊन बाजूला झाली. मग अक्कांनी हाताकडे पाहिले.

"गुरुजी?"

"हो, अक्का."

"हात तुमचाच व्हय?"

"माझाच."

"मग आत घ्या की."

"येत नाही."

अक्का खिडकीत दोन्ही कोपर टेकून आरामात उभ्या राहिल्या. "उजेड येतो म्हणला हुताव. वारा येतो म्हणला हुताव. हात बी नको असलेल्यातच धरलाव व्हय?"

हाताला रग लागू लागली होती. मी सारांशावर आलो.

"अक्का, खीर आहे. शालननं केलीय. तुम्ही घेतली तरच हात मोकळा होईल."

"शालन कुठाय?"

"इथंच हाय, अक्का," माझ्या खांद्यामागून शालन म्हणाली. तिने जाळीला नाक लावले होते. "तुमी मला ताई म्हणलाव."

"तू वाटी मोकळी धाडलीस. दारानं."

"म्या न्हाय धाडली. मी अणदूरला हुते. ह्यांनीच नेली."

"ह्यांनी?"

"चिंचंनं घासून."

अक्का माझ्या हाताकडे बघत राहिल्या. "यव्वा," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तू सांगून धाडलीस."

"अक्का, मी सांगितलं असतं तर मोकळी आली असती का?"

इतकी नेटकी सिद्धता मी फळ्यावरही कधी मांडली नव्हती. अक्कांचा चेहरा बदलला. त्यांनी माझ्या हातातली वाटी अलगद उचलली, बोट बुडवून खीर चाखली आणि जायफळ जरा जास्त पडल्याचे सांगितले. शालन मान्य करून रडली. मग इतके दिवस साचलेले सगळे बोलणे दोघींनी माझ्या हातावरून एकमेकींना सांगायला सुरुवात केली. बहीण कशी आहे, शेंगांचा भाव काय, सुनेचे काय म्हणणे आहे. मधूनमधून मीही विषय म्हणून येत होतो. ह्यांच्या हाताखाली पोरे शिकली तरी कशी, असे अक्कांनी विचारले. पोरांना कुठं वाट्या पोचवायच्या हुत्या, असे शालन म्हणाली. हात अजून बटणाने अडकलेलाच आहे, हे मी दोनदा सभ्यपणे निदर्शनास आणले. थांबा हो, बोलूलालोत ना, असे उत्तर मिळाले.

आणि मग, वाटी मोकळी परत जात नाही, या नियमाचा मला प्रत्यक्ष अनुभव आला. अक्कांनी खीर आपल्या भांड्यात ओतून घेतली, वाटी विसळली, तिच्यात काठोकाठ आंबील भरली, आणि ठेवायला समोर दुसरी जागा नसल्यामुळे ती माझ्याच तळहातावर ठेवली.

"चाखून बघ गं शालन, आंबट झालीय का बेताची."

शालन चाखणार कशी? वाटी बोळात, शालन घरात, आणि दोघींच्या मध्ये मी, भरलेल्या वाटीसह पुन्हा मूळ पदावर. चंद्री परत वर पाहू लागली. अक्का मात्र वेगळेच काहीतरी निरखत होत्या.

"शालन, गुरुजीचा हात लई थिर हाय गं. इतका येळ झाला, एक थेंब हालला न्हाय."

शालनने फडताळातून पक्कड काढली. मी तिला एवढीच विनंती केली, की कापायचेच असेल तर चौकटीच्या कडेने सरळ रेषेत काप. तिने पक्कडीत जाळीचे टोक धरले आणि ओढले. फळकुट गेले, चौकट गेली, समान अंतरावरचे खिळे एकेक करून टपाटप कट्ट्यावर पडले. जे भोक तयार झाले त्याला भूमितीत नाव नाही. पण त्यातून वाटी आली, हात आला, हाताबरोबर आंबील आली, आणि पाठोपाठ अक्कांचा आवाज आला.

"शालन, येळवसला खीर करून आण गं. वाटीनं न्हवं, पातेलं भरून."

शालन माझ्याकडे वळून बघायलाही विसरली. ती त्या भोकातून डोके बाहेर काढून, किती माणसे येणार, गहू किती भिजवू, हेच विचारत सुटली.

येळवसच्या दिवशी आम्ही गाव ओस पाडून अक्कांच्या शेतात गेलो. ज्वारी कमरेच्या वर आली होती, कोपीपुढे गर्दी होती, आप्पांनी नेहमीप्रमाणे न बोलता माझ्यासाठी घोंगडीवर जागा केली. मी तिथे बसणार, तोच अक्कांनी बोलावले. आंबिलीचे मडके त्या वर्षी सुनेच्या हातून दोनदा हिंदकळले होते. अक्कांनी जमलेल्या सगळ्यांना माझी हकिकत पहिल्यापासून सांगितली, अंगविक्षेपांसह, शेळीसह. आणि शेवटी घोषणा केली, की आज आंबील गुरुजी वाढतील, असला थिर हात पंचक्रोशीत न्हाय.

मी आंबील वाढू लागलो. बांधाबांधावरून माणसे येत राहिली. शेजारच्या शेतातले लोक स्वतःची आंबील सोडून, तो हात कुठला, असे विचारत आले. काहींनी वाटी मुद्दाम काठोकाठ भरायला लावली आणि थेंब सांडतो का ते वाकून पाहिले. माझे एक माजी विद्यार्थीही त्यांत होते. त्यांनी पुन्हा पुन्हा वाटी पुढे केली. पंगती उठल्या तेव्हा भज्जी तळाला गेली होती आणि मी उभाच होतो. माझ्या अध्यापनाची एवढी दखल कधी कुणी घेतली नव्हती.

निघताना अक्कांनी शालनच्या पिशवीत उंडे बांधून दिले, तिच्या पाठीवर एक धपका घातला आणि पुढच्या वर्षीची खीर आत्तापासूनच सांगून ठेवली. मी शेजारी उभा राहून, माझेही नाव निघते का, याची वाट पाहत होतो. अक्का माझ्याकडे वळल्या.

"गुरुजी, पुढल्या येळवसला तुमाला जमलं न्हाय तर न्हाय," त्या म्हणाल्या. "हात तेवढा धाडा."

मी तत्काळ होकार दिला. हाताबरोबर उरलेले गुरुजी आले तर चालतील का, हे विचारायचे मात्र माझे धाडस झाले नाही.